शेवंताबाईंचा हंबरडा

आयुष्यात मी पहिला हंबरडा फोडला तो दुसऱ्या बाईच्या तोंडात. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, अंगावर परीटघडीचं पातळ होतं, आणि आपल्याइतकं शहाणं नागपुरात दुसरं कुणी नाही याबद्दल माझी पक्की खात्री होती. हंबरडा संपल्यावर काचेपलीकडच्या साहेबांना मी विचारलं होतं, "अजून थोडा लांबवू का?" आता हे आठवलं की त्या पोरीच्या कानशिलात द्यावीशी वाटते. पण ती हाती लागत नाही, आणि जी म्हातारी हाती लागते तिला आधीच कमी ऐकू येतं.

तो सिनेमा तुम्ही बहुतेक पाहिला असेल. नाटकावरून केलेला, काळा-पांढरा, शेवटी उंबऱ्यावर चपला असलेला. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही लगेच मोबाइलवर शोधणार, आणि शोधलात की सगळ्यात आधी माझंच बोंबलणं ऐकणार. अभिनय शिकवणारी मंडळी अजून तो प्रसंग पोरांना दाखवतात म्हणे. विहिरीच्या कामावर गेलेला मुलगा दरड कोसळून मरतो, त्याचे सोबती घरी येतात, तोंडाने काही सांगत नाहीत, फक्त त्याच्या चपला उंबऱ्यावर ठेवतात. आई चपलांकडे बघते आणि हंबरडा फोडते.

त्या आईचा चेहरा शेवंताबाई मेश्राम यांचा. आवाज माझा.

शेवंताबाई सूतिकागृहात आया होत्या. जरीपटका वस्तीच्या अलीकडे, बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायच्या. ड्यूटी संपली की सायकलरिक्षाने आमच्या नाटकमंडळीच्या तालमीला यायच्या. येताना फिनेलचा वास आणि ओच्यात फुटाणे. फुटाणे सगळ्यांना वाटायच्या, पण मोजून चार चार. पाचवा मागितला तर म्हणायच्या, "पोट भरलं का डोळे झाकते माणसाचे. नाटक कोण करल मग?"

त्या तेव्हा चौतिशीच्या असतील. उंच, काळ्या, खांद्याने जरा पुढे वाकलेल्या, रात्रंदिवस कुणाला तरी खाटेवरून उठवून बसवणाऱ्या माणसाचे असतात तसे खांदे. लिहिता-वाचता येत होतं, पण नाटकाची वही त्यांनी कधी घरी नेली नाही. मी त्यांना संवाद एकदा वाचून दाखवायचे. दुसऱ्या दिवशी त्यांचे पाठ. कसे म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "दुपटे उकळाले टाकतो, तवा म्हणत बसतो. एक घमेलं उकळेपर्यंत एक पान होते."

मी त्या मंडळीत होते ती उच्चारांमुळे. रेडिओवर अधूनमधून निवेदन करायचे, आणि ण आणि न यांच्यावरून भल्याभल्यांचा अपमान करायचे. मला अभिनय येत नव्हता हे आमचे दिग्दर्शक देवतळे मास्तर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांना कळलं तेव्हा त्यांनी मला विंगेत वही घेऊन बसवलं. शेवंताबाईंनी माझं नाव पहिल्याच आठवड्यात ठेवलं. मी कुणाला तरी उच्चार शिकवत होते, त्या फुटाणे चावत ऐकत होत्या. म्हणाल्या, "ए रेडिओ, बटन कुठी आहे वं तुयं?"

ते नाटक देवतळे मास्तरांनीच लिहिलेलं, इकडच्याच बोलीत. शेवटी त्यांनी कंसात लिहिलं होतं, 'आई आक्रोश करते.' पहिल्या तालमीत शेवंताबाईंनी चपला पाहिल्या, तोंड उघडलं, आणि काहीच आवाज केला नाही. बराच वेळ. मी विंगेतून दोनदा खुणा केल्या. मग त्यांनी तोंड मिटलं, वाकल्या, आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवलेल्या त्या चपला फिरवून आतल्या बाजूला केल्या. कुणी घरात आल्यावर काढून ठेवाव्यात तशा.

मास्तर म्हणाले, "बाई, इथं आक्रोश लिहिलाय."

"पाहिला मी."

"मग?"

"मास्तर, मी रोज पाहून राहिली. ज्या बाईचं लेकरू जाते, तिले पहिले आवाज येतच नाही. ते असंच तोंड उघडून राहते. आवाज मंग येते, चार लोकं जमल्यावर." उंबऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "इथं लोकं कुठं जमले अजून? पोट्टे तं निघून गेले चपला ठेवून."

मास्तरांनी खिशातून पेन काढून कंसातला शब्द खोडला. मला मात्र ते पटलं नाही. मी घरी जाऊन आईला सांगितलं, "त्यांना आक्रोश जमत नाही, म्हणून कारणं सांगतात." हेही मीच बोलले होते. लिहूनच टाकते, सगळा गाळ एकदाच निघू दे.

प्रयोगाआधी त्या रंगमंचावर स्वतः झाडू मारायच्या. बॅकस्टेजची पोरं लाजायची, झाडू ओढून घ्यायला जायची. त्या द्यायच्या नाहीत. "मले राहाचं आहे इथं दोन घंटे. तुले राहाचं आहे का?" आणि पडद्याच्या फटीतून प्रेक्षकांचा खोकला ऐकायच्या. त्यांचं सगळं गणित खोकल्यावर. पहिल्या अंकात हॉल किती खोकतो, तिसऱ्यात किती. टाळ्यांकडे लक्षच नाही. "टाळी तं बाजूवाल्याले पाहून वाजवते माणूस. खोकला बंद व्हाले पाहिजे."

त्यांची ताकद मला कळली ती भंडाऱ्याकडच्या एका प्रयोगात, आणि तीही माझ्याच वेंधळेपणामुळे. मुलाच्या चपला सांभाळणं माझ्याकडे होतं. त्या मी नागपूरलाच विसरले. हे लक्षात आलं तिसऱ्या अंकात, ठेवायला दोन मिनिटं उरली असताना. घाबरून मी माझ्याच पायातल्या काढून त्या पोरांच्या हातात दिल्या. टाचेच्या, गुलाबी बकलाच्या बायकी सँडल! ती पोरं गेली, उंबऱ्यावर ठेवून आली. मी विंगेत डोळे गच्च मिटून घेतले. आता हसतील, आता हसतील. कुणी हसलं नाही. डोळे उघडले तर शेवंताबाई त्या गुलाबी सँडलांकडे बघत होत्या, तोंड उघडं, आणि पाचेकशे माणसं त्यांच्याबरोबर विहिरीत मेलेल्या पोराच्या चपला बघत होती. एक खोकला नाही. त्यांनी वाकून माझ्या सँडल फिरवल्या, आणि पहिल्या रांगेतल्या एका पगडीवाल्या म्हाताऱ्याने स्वतःचं तोंड हाताने दाबून धरलं.

पडदा पडल्यावर मी पाया पडायलाच गेले. त्या सँडल माझ्या हातात देत म्हणाल्या, "घे वं रेडिओ. माह्या पोराले घट्ट होत होत्या."

पुढे मुंबईहून सिनेमाचे दिग्दर्शक आले, नाटक पाहिलं, आणि त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या, नाटक आणि ही बाई. शेवंताबाईंनी सूतिकागृहातून रजा काढली, दीड महिना शूटिंग केलं आणि परत येऊन दुपटी उकळायला लागल्या. मग आवाज भरण्याची वेळ आली. तेव्हा शूटिंगचा आवाज ठेवत नसत. नंतर एका बंद खोलीत पडद्यावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत, आणि नटाने ओठांच्या मापाने परत बोलायचं. दिग्दर्शकांचं म्हणणं, भाषा सगळ्या महाराष्ट्राला कळेल अशी हवी. म्हणून शेवंताबाईंबरोबर उच्चार शिकवायला मला मुंबईला धाडलं. मी तर दोन ट्रंका भरल्या.

तीन दिवस त्या लढल्या. सांगितलेला उच्चार आला तर ओठांचं माप चुके, माप जमलं तर उच्चार घरचा येई. तिसऱ्या संध्याकाळी त्यांची रजा संपली. दिग्दर्शकसाहेब म्हणाले, "तुम्ही जा बाई, आम्ही परत बोलावू." त्या गाडीत बसल्या. मी स्टेशनावर हात हलवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी "तूच बोलून बघतेस का?" एवढं म्हणायच्या आत हो म्हणाले.

ओठांचं माप मला झटकन जमलं. चार दिवसांत सगळा सिनेमा बोलून झाला. शेवटी तो चपलांचा तुकडा. आवाजाशिवायचं ते चित्र मी अंधारात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी शपथेवर सांगते. नुसता तो चेहरा, उघडं तोंड, गळ्याची हलणारी शीर. साहेबांनी तो तुकडा पुन्हा एकदा फिरवायला लावला. मग म्हणाले, "इथं लोकांना वाटेल की आवाज राहून गेलाय. काहीतरी हवं का?"

त्यांनी विचारलं होतं. "नको" म्हणायला एवढीशी जागा होती. त्या बाई अशा का थांबतात ते मला एकटीला ठाऊक होतं त्या खोलीत. मी म्हणाले, "हंबरडा देऊ?"

नागपूरला परत आल्यावर शेवंताबाईंनी विचारलं, "बोलावून राहिले का मले?" मी म्हणाले, "बघतील. मला गर्दीतल्या बायकांचे आवाज द्यायला ठेवलं होतं." त्यांनी मला चार फुटाणे दिले.

सिनेमा बर्डीवरच्या टॉकीजला लागला तेव्हा त्यांची अख्खी गल्ली आली होती. म्हाताऱ्याकोताऱ्या, कडेवरची लेकरं, सूतिकागृहातल्या दोन नर्सबाई, निळी किनार असलेल्या पांढऱ्या लुगड्यातल्या त्यांच्या सासूबाई. मी मागच्या रांगेत. पडद्यावर शेवंताबाई पहिलं वाक्य बोलल्या आणि गल्ली एकदम गप्प झाली. एक बाई हळूच म्हणाली, "हे कोन बोलून राहिली वं?" दुसरी म्हणाली, "सिनेमात तसंच बोलावं लागते." मग सगळे रमले. माणसाला चेहरा ओळखीचा असला की आवाजाची सवय होते. शेवटी हंबरडा आला आणि टॉकीज ढसाढसा रडलं. मला शेवंताबाईंची फक्त पाठ दिसत होती. ती हलली नाही.

बाहेर सगळ्यांनी त्यांना घेरलं. "काय रडली वं शेवंता! जीव काढला!" त्या म्हणाल्या, "हो." मग त्या गर्दीतून माझ्याकडे आल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "चहा पेतं का?" आम्ही चहा प्यायलो. एक शब्द नाही. मी त्याचा अर्थ लावला की त्यांना कळलं नाही. हेसुद्धा मीच लावलं.

सिनेमा गाजला, आणि नाटकालाही मागणी आली. धान्यबाजारातल्या अडत्यांनी गणपतीत प्रयोग ठेवला. मांडवात धान्याच्या पोत्यांवर माणसं बसलेली. आमची मंडळी इतकी गर्दी प्रथमच बघत होती. शेवटी शेवंताबाईंनी चपला पाहिल्या, तोंड उघडलं आणि थांबल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज!" मग चारी बाजूंनी, "आवाज! आवाज! माइक बंद आहे!" माइकवाला भला माणूस, तो वाकत वाकत रंगमंचावर आला आणि उंबऱ्याजवळच्या माइकवर टिचक्या मारू लागला. ठक, ठक. शेवंताबाई तोंड उघडं ठेवून उभ्या. त्यांनी तोंड मिटलं, त्याच्या हाताशेजारून चपला फिरवल्या, आणि पडदा पडला.

आत मास्तर हात जोडून म्हणाले, "बाई, एकदा देऊन टाका तो हंबरडा. लोकांना तोच पाहिजे."

"ते माहं नाही मास्तर. मी काहून देऊ?"

पुढचा प्रयोग बर्डीजवळच्या नाट्यगृहात, सगळी तिकिटं संपलेली. तास आधी मास्तर माझ्याजवळ आले, कुजबुजले, "तू विंगेतल्या माइकवर दे. त्यांनी तोंड उघडलं की दे. बाईंशी मी बोललोय." मला मास्तरांच्या डोळ्यांत दिसत होतं की ते बोललेले नाहीत. आणि शेवंताबाई माझ्यापासून दोन हातांवर रंगमंच झाडत होत्या. नुसतं "काय हो, चालेल ना?" एवढंच विचारायचं होतं. मी घसा साफ करायला खडीसाखर तोंडात टाकली.

तिसरा अंक. चपला आल्या. शेवंताबाईंनी पाहिलं. मी श्वास भरला. त्यांचे ओठ विलग झाले, आणि मी दिला. सगळा दम लावून दिला. पण त्या क्षणी त्यांनी तोंड मिटलं होतं. पुढ्यात मिटल्या तोंडाची बाई, आणि विंगेतून हंबरडा! एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग बाल्कनीतून एक जण फिसकन हसला, मग खालून, मग सगळं नाट्यगृह. मी हंबरडा मध्येच तोडला तेव्हा तर अधिकच.

शेवंताबाई हसू ओसरेपर्यंत उभ्या राहिल्या. मग वाकून चपला आतल्या बाजूला केल्या. आत आल्या, रंग पुसला, ओच्यातले फुटाणे काढून टेबलावर ठेवले आणि "चालली मी" म्हणून निघाल्या. त्यानंतर त्या कुठल्याच नाटकात दिसल्या नाहीत. मास्तर चारदा गेले, मी एकदाही नाही. सूतिकागृहात त्यांनी पुढे चोवीस वर्षं काढली. आमची गाठ पडायची ती कुणाच्या लग्नात, बाजारात. त्या "जयभीम रेडिओ, बरी आहे का?" म्हणायच्या, मी पिशवीत काहीतरी शोधायला लागायचे. सिनेमाचे सत्कार झाले तेव्हाही त्या गेल्या नाहीत. लोक म्हणायचे, मोठी साधी बाई. आणि हंबरड्याची स्तुती माझ्यापुढे होई, तेव्हा मी, खोटं कशाला बोलू, दोन-चार वर्षं मनातून सुखावत होते. मग ते सुख आंबलं.

गेल्या थंडीत शेवंताबाई गेल्या. शहाऐंशी वर्षांच्या होत्या. त्रिशरण-पंचशील म्हणताना अंगणात सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते. मी त्यांच्या अगदी समोर बसले. बायका हुंदके देत होत्या, मी पापणी ओली केली नाही. माझी नात सई सोबत होती, तिला लाज वाटली असावी. गाडीत म्हणाली, "आजी, तुझी एवढी जुनी मैत्रीण, आणि तू रडलीसुद्धा नाहीस?"

सईला बाकीचं माहीत होतं, कारण सगळं तिच्यामुळेच उकरलं गेलं. ती मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. दिवाळीच्या सुमारास तिने मला मोबाइलवर एक गंमत दाखवली. तिच्या ऑफिसातल्या पोरांनी केलेली, साहेब शनिवारची सुट्टी रद्द करतो आणि टेबलाभोवतीची सगळी पोरं तोंड वासतात, आणि वरून एक हंबरडा. "काय ओव्हरॲक्टिंग आहे ना, आजी? सगळे वापरतात हा आवाज." मी आधी खरंच हसले. मग म्हणाले, "हा मी आहे." दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून तिने मला शेवंताबाईंकडे नेलं, दारात सोडलं आणि ती गाडी लावायला गेली.

दुपार होती. त्या दारातल्या खाटेवर उन्हाला बसल्या होत्या, फार लहान झालेल्या. मुलगी करुणा बाजूला मेथी निवडत होती. मी बसायच्या आत बोलायला लागले, बसले असते तर जमलं नसतं.

"शेवंताबाई, त्या सिनेमात तुमच्या तोंडी मीच आहे. आणि तो हंबरडा साहेबांनी नाही, मी सुचवला."

"माहीत आहे मले."

"कधीपासून?"

"टॉकीजपासून. तालमीत तुया पायावर फळी पडली होती, तवा असीच बोंबलली होती तू."

करुणा मेथीत तोंड लपवून हसली. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत? त्या शेवटच्या प्रयोगात मुद्दाम तोंड मिटलंत ना? मला धडा म्हणून?"

"नाई वं." त्यांनी मेथीवर आलेली कोंबडी हुसकली. "तू बोंबलाच्या आधीच मले ऐकू आलं. तोंड उघडाले गेली आणि कानात तुयाच आवाज. घरी करून पाहिलं, पलंगाखाली दोन चपला ठेवून. तरी तेच. उघडलं का तू. मले थांबताच येत नव्हतं. मंग कायले करू?"

म्हणजे लोक हसले म्हणून नव्हे. पन्नास वर्षं मला वाटत होतं की मी त्यांचं हसं केलं. मी त्यांची ती गप्प थांबण्याची जागाच घेऊन टाकली होती, आणि तिथे ओरडत बसले होते. मी म्हणाले, "मला माफ करा," आणि माझा चेहरा वाकडा व्हायला लागला, नाक भरून आलं, पदर शोधू लागले.

शेवंताबाईंनी माझं मनगट धरलं. खाटेवरून बायकांना उठवणारी ती पकड अजून तशीच होती. माझ्याकडे नीट पाहिलं, आणि म्हणाल्या,

"मी मेली का येजो. समोर बसजो. पण रडू नोको वं रेडिओ, तुले रडता येत नाई."